पत्रिकेएवढी फट

ब्रेक मारल्यावर ट्रक डावीकडे ओढत असेल, तर खोट बहुतेक करून उजव्या चाकात असते. डावं चाक बिचारं इमानेइतबारे थांबत असतं. उजवं थांबत नाही, पुढे जात राहतं, म्हणून गाडीचं तोंड डावीकडे वळतं. हे मी गेल्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, कराडच्या अलीकडे हायवेला असलेल्या एका गॅरेजात तीन वेळा सांगितलं. एकदा साधं, एकदा हातवारे करून आणि एकदा जमिनीवर खडूने आकृती काढून. आकृतीवर हेल्पर पोराने जॅक ठेवला.

साडेबाराला हेच एका माणसाने दोन बैल घालून सांगितलं. त्याला चहा आला. स्पेशल.

मी बारावीला फिजिक्स शिकवतो. ट्रक वडिलांचा. सहा चाकी, वयाने माझ्या नोकरीएवढा. वडील गेले, ट्रक राहिला, ट्रकबरोबर ड्रायव्हर राहिला आणि दोघांचाही खर्च राहिला. तीन आठवड्यांपूर्वी पुढचा अ‍ॅक्सल याच गॅरेजात पूर्ण बांधून घेतला होता. किंग पिन, बुश, दोन्ही हबची (हब म्हणजे चाकाचा मधला, फिरणारा भाग) बेअरिंगं, सील, लायनर, सगळं नवं. 31,000 रुपये. त्यानंतर गुळाच्या ढेपी घेऊन चिपळूणला निघालेल्या ड्रायव्हरचा कुंभार्ली घाटाखालून फोन आला, “सर, ब्रेक मारला की गाडी डावीकडं जातीया. तिकडं हिची सासुरवाडी असल्यागत.” परत आल्यावर त्याने गाडी गॅरेजच्या दारात लावली, किल्ली मिस्त्रीकडे दिली आणि देवाला जायचंय म्हणून आठ दिवसांची सुट्टी घेतली. घाटातून सुखरूप उतरल्याचा नवस असावा. मी कारण विचारलं नाही.

मिस्त्री हा माणूस गिऱ्हाइकाशी बोलत नाही, चाकाशी बोलतो. गाडी डावीकडे ओढते म्हटल्यावर तो डाव्या चाकापाशी जाऊन बसला. दुखतंय तिथे डॉक्टर बघतो, तसं. मी म्हटलं, “अहो, उजवं बघा.” तो चाकाला म्हणाला, “हं.” मग वर सांगितलेली तीन व्याख्यानं झाली. डावं चाक उतरलं, ड्रम निघाला, ब्रेक मारल्यावर त्याला आतून दाबून धरणारे शू उघडे पडले. आत सगळं घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख. शूवरचे, ड्रमला घासणारे लायनर कोरडे, कॅमचे रोलर जागेवर, रिटर्न स्प्रिंग ताठ.

“बघा,” मी म्हटलं.

“बरं झालं बघितलं,” मिस्त्री म्हणाला.

या वाक्याला तोड नाही. दोन तास फुकट गेल्याचं दुःख मला होतं, त्याला समाधान होतं. बेरीज शून्य.

गॅरेजात गाडीच्या मालकाचं नेमकं स्थान काय, हा प्रश्न मला त्या दोन तासांत पुष्कळ वेळ पडून होता. खुर्ची एकच, तिला तीन पाय, आणि तिसऱ्या पायाखाली जुनी क्लच प्लेट. तीत बसायचं तर पोटाचे स्नायू ताणून बसावं लागतं. उभं राहिलं तर, “सर, जरा बाजूला.” बाजूला झालं तर, “सर, जरा टॉर्च धरा.” बावीस वर्षं पोरांना टॉर्क शिकवला आणि आता धरायला टॉर्च. बरं, टॉर्च धरणाऱ्याला मत नसतं. त्याने उजेड जिथे सांगतील तिथेच पाडायचा असतो. मी एकदा हळूच उजेड उजव्या चाकाकडे वळवला, तर मिस्त्री अंधारातच काम करत राहिला.

तर असं सगळं चाललेलं असताना पावणं आले.

पांढरं स्वच्छ धोतर, इस्त्रीचा नेहरू शर्ट, टोपी, बगलेत रेक्झिनची पिशवी. भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाले होते. मिस्त्री त्यांच्या गावचा जावई की जावयाचा भाऊ, असं काहीतरी होतं. पिशवीतून अक्षता निघाल्या, पाकीट निघालं, बॉलपेन निघालं. मिस्त्रीला पत्रिका. हेल्परला पत्रिका. चहा घेऊन आलेल्या पोराला पत्रिका. शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून पत्रिका. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात टॉर्च होता, बाहीला काळं लागलं होतं. “किन्नर का?” त्यांनी मिस्त्रीला विचारलं. आमच्याकडे ट्रकच्या क्लीनरला किन्नर म्हणतात. मिस्त्री शू बघत होता, त्यामुळे तो फक्त “हं” म्हणाला. तेच ‘हं’, जे त्याने माझ्या फिजिक्सला दिलं होतं. पिशवीची चेन बंद झाली.

लग्नाला मी एरवीही गेलो नसतो, ही गोष्ट वेगळी.

पावणं उतरवून ठेवलेल्या टायरवर पंचा अंथरून बसले आणि गाडीला काय झालंय ते विचारून घेतलं. मिस्त्रीने त्यांना सविस्तर सांगितलं. मला तीन आठवड्यांत त्याने जेवढे शब्द दिले नव्हते, तेवढे त्या दोन मिनिटांत पावण्यांना दिले. पावण्यांनी चहाची बशी ओठाला लावली, संपवली, मिशा पुसल्या.

“बैलगाडी हाकलीया का कदी?”

मिस्त्री म्हणाला, लहानपणी.

“डावा बैल अडला आन् उजवा चालतच ऱ्हायला, तर गाडी कुटं जाती?”

“डावीकडं.”

“मग तुमी अडलेल्या बैलालाच का तपासायलाय? जो अडतोय त्यो तुमचं ऐकतोय की. दुसरा ऐकंना झालाय. त्याला बगा.”

गॅरेजात शांतता पसरली. मिस्त्री उठून उभा राहिला. कपाळाला हात लावला, हाताचं ग्रीस कपाळाला गेलं. “अरे, उजवं घे रे वर!” तो हेल्परवर ओरडला, जणू डावं चाक हेल्परने निवडलं होतं.

“हेच मी सकाळपासून...” मी म्हटलं.

“सर, टॉर्च.”

आता खरी परीक्षा सुरू झाली. चाक जॅकवर उचलायचं, एक हात टायरच्या डोक्यावर, एक पायाशी, आणि आतबाहेर हलवून बघायचं. खडखड लागली तर दोन संशयित. एक, हबमधलं बेअरिंग. दोन, किंग पिन, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळतं ती. यांच्यातला चोर ओळखायची युक्ती मोठी गोड आहे. कुणालातरी केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबला की ड्रम आणि शू एकमेकांना घट्ट धरतात, हब हलायचं थांबतं. तेव्हा खडखड गेली तर चोर बेअरिंग. तरीही राहिली तर किंग पिन. एवढी स्वच्छ कसोटी मला आमच्या प्रयोगशाळेतही क्वचित सापडते.

उजवं चाक खडखडत होतं. चांगलंच. मिस्त्री आणि हेल्पर चाकाला धरून होते, माझ्या हातात टॉर्च होता, म्हणजे मी अडकलेला. मिस्त्री म्हणाला, “पावणं, जरा वर बसून ब्रेक दाबता का?”

धोतर सावरत पावणं केबिनमध्ये चढले. मी इंजिन सुरू करून दिलं, कारण हवेचे ब्रेक हवेशिवाय चालत नाहीत. काटा वर आला. पावण्यांनी ब्रेक दाबला, सोडला. फुस्स. त्यांना तो आवाज आवडला. पुन्हा दाबला, सोडला. फुस्स. पुन्हा. सहा-सात वेळा झाल्यावर हवा खाली आली आणि केबिनमधला भोंगा केकाटायला लागला. पावण्यांनी खिशातला फोन काढून कानाला लावला. मी वर जाऊन सांगितलं, तो फोन नाही, हवा कमी झाल्याचा इशारा आहे. हवा भरेपर्यंत थांबलो. भोंगा बंद झाला, आणि त्याच क्षणी त्यांचा फोन खरोखरच वाजला.

फोन कुणातरी भाऊजींचा होता. पत्रिकेत त्यांचं नाव ‘आपले नम्र’मध्ये चौथ्या ओळीत गेलं होतं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं दुसऱ्या ओळीत. इंजिन चालू, त्यामुळे पावणं खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्याने बोलत होते. खाली मिस्त्री चाकाला मिठी मारून बसला होता. आम्हाला भाऊजी ऐकू येत नव्हते, फक्त पावणं ऐकू येत होते.

“दाबलं का?” मिस्त्रीने विचारलं.

“न्हाई दाबलं!”

“मग दाबा की!”

“आवो मी कशाला दाबीन?”

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्चकडे पाहिलं.

“पावणं, दाबाय सांगितलंय न्हवं?”

“कुणी सांगितलं? सांगा, कुणी सांगितलं दाबाय?”

“मी!”

“तुमी गप बसा वो मधी,” हे बहुधा आम्हाला, मग फोनला, “तुमचं न्हवं भाऊजी. ऐका, माज्या गळ्याची आन, मी दाबलं न्हाई. छापणाऱ्यानं दाबलं आसंल.”

एवढं बोलताना आवेशात त्यांचा पाय ब्रेकवर गेला असावा, कारण मिस्त्री ओरडला, “थांबलं! हलायचं थांबलं!”

“बरं, मग सोडून द्या आता,” पावणं म्हणाले.

“सोडू नका!”

“सोडायचंच की. लगीन हाय, किती ताणायचं?”

फुस्स. चाक पुन्हा खडखडलं. मग भाऊजी पुन्हा चिडले, पावणं पुन्हा आवेशात आले, चाक पुन्हा गप्प झालं. असं चार वेळा. विज्ञानात प्रयोगाची पुनरावृत्ती लागते म्हणतात, ती भाऊजींच्या कृपेने आपोआप झाली. ब्रेक दाबला की खडखड जाते. चोर बेअरिंग. किंग पिन निर्दोष सुटला.

हबची टोपी काढली. मी उजेड पाडला आणि या वेळी कुणी सांगायची वाट बघितली नाही.

पुढच्या हबची रचना तशी सरळ असते. आत एक मोठं, बाहेर एक लहान, अशी दोन निमुळत्या रोलरांची बेअरिंगं, एकमेकांकडे तोंड करून. (हे निमुळतं बेअरिंग अमेरिकेत सेंट लुईसच्या हेन्री टिमकेनने काढलं, पेटंट 1898 चं. तो घोडागाड्या बनवणारा. वळणावर गाडीच्या चाकावर बाजूने जो भार येतो, तो साध्या बेअरिंगला पेलत नाही, म्हणून रोलर तिरके केले. म्हणजे या विद्येचा उगम शेवटी जनावरं जुंपलेल्या गाडीतच आहे, आणि पावण्यांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे. हे मला घरी आल्यावर सुचलं आणि उगाच सुचलं.) बेअरिंगांना जागेवर धरतो तो टोकाचा नट. नट सुटू नये म्हणून लॉक वॉशर. आणि वॉशर नुसता घालून भागत नाही, त्याची जीभ छिन्नीने नटाच्या सपाट बाजूवर दुमडायची असते. झालं, एवढंच.

जीभ दुमडलेली नव्हती. सरळ उभी होती, वेडावून दाखवल्यासारखी.

मग सगळं उलगडत गेलं. नट हळूहळू सैल झाला. हब डुलायला लागलं. हब डुललं तसा ग्रीसच्या सीलचा ओठ एका बाजूने उघडला. आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर आलं, ड्रममध्ये उतरलं. ड्रम ओढून काढला तर लायनर तुपात तळलेल्या अनारशासारखे चकचकत होते. असले लायनर काय थांबवणार? म्हणून उजवं चाक थांबेना, म्हणून गाडी डावीकडे.

मिस्त्रीने हेल्परकडे पाहिलं. हेल्परने माझ्याकडे पाहिलं. केबिनमधून उतरलेले पावणं धोतराचा सोगा झटकत म्हणाले, “गाडीवाल्यानं बगून घ्याय पायजे हुतं.”

मला इथे हसू येत नाही, लिहितानाही येत नाही. तो नट आणखी काही फेरे सुटला असता, तर घाटात भरल्या गाडीचं हब बेअरिंगासकट बाहेर आलं असतं. चाक एकीकडे, गूळ एकीकडे आणि ड्रायव्हर कुठे, ते मला सांगायचं नाही. छिन्नीचा एक ठोका, अर्ध्या मिनिटाचं काम. तो ठोका मारायच्या वेळी चहा आला असेल, फोन आला असेल, कुणीतरी पत्रिका घेऊन आलं असेल. आणि मी तेव्हा ‘बघून घ्यायला’ गेलो असतो, तर मला काय मिळालं असतं? टॉर्च.

त्यानंतर पैशांचं. मिस्त्री म्हणाला, लायनर पेट्रोलने धुतो, काडी लावून ग्रीस जाळतो, नव्यासारखे होतात. मी म्हटलं, होत नाहीत, ग्रीस लायनरच्या पोटात शिरलेलं असतं, तापलं की परत वर येतं. नवेच घाला. आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलायचे असतात, नाहीतर दोन बाजूंची पकड पुन्हा वेगवेगळी. हे बोलून झाल्यावर लक्षात आलं, की सकाळपासून माझं ऐकलं गेलेलं हे पहिलंच वाक्य आणि तेवढंच मला महागात पडणार आहे. मिस्त्रीने उदार मनाने न्याय केला, “मजुरी माझी. पार्ट तुमचे.” डावे लायनर तीन आठवड्यांचे, निरोगी, निष्पाप. तेही गेले. सील गेलं. 5,600 रुपये. पार्टच्या दुकानात जायला मिस्त्रीने हेल्परला माझी मोटरसायकल दिली. मला विचारलं नाही.

बांधणी मात्र मिस्त्रीने सुंदर केली, हे कबूल करतो. सील चारी बाजूंनी हलके ठोकत सरळ बसवलं. बेअरिंगच्या पिंजऱ्यात तळहाताने ग्रीस असं दाबून भरलं, की दुसऱ्या बाजूने शेवया आल्या. नट आवळताना हब हाताने फिरवत राहिला, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट थोडा मागे घेतला. पुस्तकात लिहितात, एक-षष्ठांश ते पाव फेरा मागे घ्या आणि हबला आतबाहेर 0.025 ते 0.125 मिलिमीटर एवढाच खेळ ठेवा. केसाच्या जाडीचा मामला. त्यासाठी डायल गेज असतं. मिस्त्रीकडे डायल गेज नाही, त्याने डोळे मिटले आणि हब हलवलं. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर प्रॅक्टिकलमध्ये नापास केला असता. इथे मी श्वास रोखून उभा होतो. मग त्याने छिन्नी घेतली आणि वॉशरची जीभ नटावर दुमडली. एक ठोका. दुसरा मी सांगून मारायला लावला.

शेवटी शू आणि ड्रममधली फट. स्लॅक अ‍ॅडजस्टरचा बोल्ट फिरवून शू ड्रमला टेकवायचे आणि मग थोडे मागे घ्यायचे, इतके की चाक मोकळं फिरेल, पण ब्रेक लगेच लागेल. फट मोजायला फिलर गेज लागतं, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांची जुडी. जुडी सापडली, तीत हवं ते पातं नव्हतं. हेल्परने ते ग्रीसच्या डब्याचं झाकण उचकटताना मोडलं होतं.

मिस्त्रीने इकडे तिकडे पाहिलं. नजर पिशवीवर गेली.

“पावणं, एक पत्रिका द्या.”

जाड, गुळगुळीत, वरच्या बाजूला फुगीर छापाचा गणपती. मिस्त्रीने बोटांत तिची जाडी चाचपली, मान डोलावली. मी ओरडलो, ग्रीसचा हात वरच्या टोकाला ठेवा, स्वच्छ टोक आत घाला, नव्या लायनरला ग्रीस लागलं तर परत सगळं पहिल्यापासून! हे त्याने ऐकलं. नवरा-नवरीची नावं अंगठ्याखाली धरून त्याने पत्रिकेचं खालचं टोक मागच्या पत्र्याच्या खिडकीतून आत सरकवलं. आधी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ गेलं. मग किलबिल मंडळी गेली. मग आपले नम्र, भाऊजींसकट. मुहूर्ताच्या ओळीशी पत्रिका शू आणि ड्रमच्या मध्ये हलकी अडली. मिस्त्रीने बोल्ट एक टिचकी मागे घेतला. पत्रिका सुळकन हलायला लागली.

“झालं,” तो म्हणाला. डाव्या चाकालाही तीच पत्रिका.

“शुभ झालं,” पावणं म्हणाले.

चाचणीला गाडी मीच सर्व्हिस रोडवर घेतली. स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारला. नाकासमोर थांबली. दोनदा, तीनदा, तशीच. परत आलो तर पावणं आपल्या मोटरसायकलला किक मारत होते. मला ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना पाहिलं आणि त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं. पिशवी उघडली. आत फक्त अक्षता उरल्या होत्या.

“ती कुठाय रं, मोजायची?”

मोजायची पत्रिका जॅकशेजारी पडली होती. त्यांनी ती धोतराला न लागेल अशी धरून पाकिटात घातली, पेन काढलं आणि मिस्त्रीला विचारलं, “ह्यांचं नाव काय घालू?”

मी तोंड उघडलं.

“गाडीवालं,” मिस्त्री म्हणाला.

त्यांनी पाकीट सीटवर ठेवून वळणदार अक्षरात लिहिलं, ‘श्री. गाडीवाले, सहकुटुंब सहपरिवार’. वर चार अक्षता टाकल्या. “याचं बगा,” म्हणाले. “आन् रविवारी गाडी मोकळी आसंल तर मंडपाचं सामान न्याचं हाय. भाड्याचं बगू.”

मी सांगितलं, ड्रायव्हर सुट्टीवर आहे.

“तुमी हाय की.”

बुधवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेजने पत्रिकेची जाडी मोजली. 0.38 मिलिमीटर. मोडलेलं पातं 0.4 चं होतं. मिस्त्रीच्या बोटांची चूक दोन शतांश. मी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि पुसला, कारण पोरांना कशाबद्दल सांगतोय तेच सांगता येईना.

बायकोने पाकीट पाहिलं. “कुणाचं लग्न?”

नावांवर मिस्त्रीचा अंगठा आहे. मुहूर्त तेवढा स्वच्छ वाचता येतो, 12 वाजून 35 मिनिटं. सामान मात्र सकाळी सहाला उचलायचंय.